गाणं आधी, कॅमेरा नंतर

चिऊ,

काल रात्री तुझा फोन ठेवला आणि मला काही केल्या झोप लागेना. तुझा आवाज रडवेला झाला होता. पाच जणांचा ग्रुप, चार आठवड्यांवर सबमिशन आणि अजून एकही शॉट घेतलेला नाही. एकाला पन्हाळ्यावर ड्रोन उडवायचाय, एकीला रंकाळ्यावर पावसात स्लो मोशन हवंय, तिसऱ्याला धूर आणि निळे-गुलाबी दिवे. आणि तू मात्र सरांनी सांगितलं म्हणून म्युझिक व्हिडिओचे संकेत वहीत उतरवून बसलीस: क्लोज-अप, लिप-सिंक, भराभर कट, कपडे बदलणं, दोन-तीन लोकेशन्स, एखादी प्रेमकथा. "ताई, यादी तयार आहे, पण या यादीचं करू काय?" असं तू विचारलंस. फोनवर आवाज तुटत होता, मला नीट बोलता आलं नाही. म्हणून आज निवांत लिहिते. चहा घे आणि बस.

आपल्या तमाशात गण झाला की गवळण येणार, मग बतावणी, मग वग, हे समोर बसलेल्या माणसाला ठाऊक असतं. ठाऊक असतं म्हणून तर मावशी आली की तो सरसावून बसतो. संकेत म्हणजे हा एवढाच, बघणाऱ्याशी झालेला न बोललेला करार. गाण्याच्या व्हिडिओचंही तसंच आहे. तुझ्या यादीतल्या प्रत्येक मुद्द्यामागं कुणाची तरी गरज होती. ती गरज समजली की कुठला संकेत पाळायचा आणि कुठला सोडायचा, हे तुझं तुला कळेल.

क्लोज-अपचंच बघ. १९७५ साली क्वीनचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' आलं तेव्हा बँड दौऱ्यावर निघायच्या बेतात होता. टीव्हीच्या स्टुडिओत प्रत्येक वेळी जाऊन उभं राहण्याऐवजी त्यांनी काही तासांत एक फिल्म करून घेतली. अंधारातून वर आलेले ते चार चेहरे त्यांच्या जागी घरोघर जाऊन गाऊ लागले. पुढं १ ऑगस्ट १९८१ ला अमेरिकेत एमटीव्ही सुरू झालं आणि दिवसभर असेच व्हिडिओ दिसू लागले. गाणाऱ्याला ज्यांनी कधी पाहिलं नाही त्यांच्या मनात त्याचा चेहरा ठसला पाहिजे, ही रेकॉर्ड कंपनीची गरज. त्यातून क्लोज-अप आला. बघणाऱ्यानं चॅनेल बदलू नये, ही चॅनेलची गरज. भराभर कट आणि बदलते कपडे त्यासाठी सोयीचे पडले.

तुझ्यावर कुठल्या कंपनीचा दबाव नाही. तुझी गरज एकच आहे: गाणं समोरच्यापर्यंत पोचलं पाहिजे. म्हणून प्रत्येक शॉटला एकच प्रश्न विचार, "हा गाण्यातल्या कशासाठी?" 'छान दिसतो' हे त्याचं उत्तर नव्हे. ड्रोनच्या शॉटलाही हाच प्रश्न आणि मोबाइलवर घेतलेल्या शॉटलाही हाच.

अँड्र्यू गुडविन नावाच्या अभ्यासकानं १९९२ साली म्युझिक व्हिडिओवर एक पुस्तक लिहिलं. माध्यमांचा अभ्यास करणारी मुलं आजही त्याचे मुद्दे पाठ करतात. तू पाठ करू नकोस, त्यातला एक मात्र कायमचा जवळ ठेव. शब्द आणि चित्र यांचं नातं तीन प्रकारचं असतं, असं तो सांगतो. चित्र शब्दांमागोमाग चालतं, किंवा शब्दांत नसलेलं काही त्यांना जोडून देतं, नाहीतर दोघांची सरळ फारकत होते.

पहिल्या वाटेवर मुलं सगळ्यात जास्त अडखळतात. गाण्यात चंद्र आला की चंद्र, अश्रू आला की ग्लिसरीन. एखाद्या जागी ते गोड वाटतं, पण साडेतीन मिनिटं तेच चाललं की बघणाऱ्याला वाटतं, आपल्याला शब्द कळत नाहीत असं या मुलांनी धरून चाललंय.

दुसऱ्या वाटेचं माझं लाडकं उदाहरण २००० सालचं 'मन के मंजीरे'. शुभा मुद्गल यांचा आवाज, आणि पडद्यावर मिता वशिष्ठ ट्रक चालवतात. गाणं मोकळ्या झालेल्या मनाचं आहे. ते मोकळेपण दाखवायला कुणी डोंगरावर हात पसरून उभं राहिलं असतं तर ते आपण विसरूनही गेलो असतो. त्याऐवजी बाईच्या हातात स्टिअरिंग दिलं आणि गाण्याला एक आयुष्य मिळालं. तुमच्या गाण्याला असं काय देता येईल, याच्यावर पाचही जणांनी एक आख्खी संध्याकाळ घालवा. कॅमेरा तेव्हा घरीच ठेवा.

तिसरी वाट अवघड, पण साधली तर तिच्यासारखी मजा नाही. २००६ साली ओके गो नावाच्या अमेरिकन बँडनं 'हिअर इट गोज अगेन'चा व्हिडिओ केला. आठ ट्रेडमिल, चार माणसं, जागचा न हलणारा कॅमेरा आणि एकही कट नाही. गाण्याच्या शब्दांत ट्रेडमिल कुठंच नाही. पण नाच तालाला इतका घट्ट बांधलेला की नजर हटत नाही. तो नाच बसवला होता गायकाच्या बहिणीनं, ट्रिश सी हिनं, आणि पुढच्या वर्षी त्या व्हिडिओला ग्रॅमी मिळालं. क्लोज-अप नाही, कट नाही, कपडे बदलणं नाही. तुझी निम्मी यादी त्यांनी बाजूला ठेवली. ठेवू शकले, कारण एकच कल्पना शेवटपर्यंत ताणून धरायची तयारी त्यांनी केली होती. जमेपर्यंत पुन्हा पुन्हा टेक घेतले. संकेत मोडायचा तर त्याच्या जागी तितकंच भक्कम काहीतरी उभं करावं लागतं.

तुम्हाला गोष्टही सांगायचीय आणि तुमची मैत्रीण गातानाही दाखवायचीय, म्हणून भांडण झालं म्हणालीस. दोन्ही होतं गं. फाल्गुनी पाठकचे नव्वदच्या दशकातले व्हिडिओ पुन्हा काढून बघ. गोष्ट एखाद्या कोवळ्या मुलीची घडते, आणि फाल्गुनी तिच्या नेहमीच्या शर्ट-पँटमध्ये जवळपास कुठंतरी गात असते, सगळं ठाऊक असलेल्या मोठ्या बहिणीसारखी. तिला नायिका केलेलं नाही, म्हणून ती स्वतःसारखी दिसते आणि गोष्टही अडत नाही. गोष्ट मात्र आख्खी सांगायला जाऊ नका. साडेतीन मिनिटांत ओळख, प्रेम, गैरसमज, अपघात, दवाखाना एवढं सगळं कोंबलंत तर गाणं मागं पडतं. एकच क्षण निवडा. बस चुकली, चिठ्ठी द्यायची राहिली, आई पहिल्यांदा मुलीच्या कार्यक्रमाला आली. थोडं न सांगितलेलं राहू दे. गाणं माणूस पुन्हा पुन्हा ऐकतो, तसा व्हिडिओही पुन्हा बघावासा वाटला पाहिजे.

ध्रुवपदाचा हिशेब आधीच मांड. ते तीनदा येतं, आणि तीन वेळा तेच चित्र दिसलं की बघणारा मनातून निघून जातो. पहिल्यांदा ती एकटी, दुसऱ्यांदा तिच्याकडं कुणीतरी बघतंय, तिसऱ्यांदा ती त्याच जागी पण बदललेली, अशी काहीतरी चढण हवी. बुवा भजनात तेच ध्रुवपद दर वेळी थोडं वर नेतात, तसंच हे.

आता एक गोष्ट मी तुला आजवर सांगितलेली नाही.

२००८ साली आम्हीही असाच एक व्हिडिओ केला होता. माझ्या वर्गातल्या एका मैत्रिणीला आम्ही पांढऱ्या ड्रेसमध्ये पाइपच्या पाण्याखाली उभं केलं. टीव्हीवर सगळीकडं तसंच असायचं, म्हणून आम्हालाही हवं होतं. तिला विचारलं नाही. ती काही बोलली नाही, आणि आम्ही ते तिच्या होकारात धरलं. पुढं एडिटला तिचा चेहरा मोठा करून बघितला तेव्हा मला दिसलं, ती प्रत्येक टेकला हात छातीशी आणत होती. कॅमेरा माझ्या हातात होता. मी बाई असून तिच्याकडं दुसऱ्याच कुणाच्या तरी नजरेनं बघत होते. लॉरा मल्व्ही या अभ्यासक बाईनं पडद्यावरच्या बाईकडं बघणाऱ्या पुरुषी नजरेबद्दल १९७५ साली लिहून ठेवलंय. मी ते परीक्षेसाठी वाचलं होतं, पण मला ते त्या दिवशी एडिटच्या टेबलावर समजलं. ते शॉट मी काढून टाकले, तिची माफीही मागितली. तिच्या मनातून तो दिवस मात्र मला काढता आला नाही.

म्हणून तुमच्या पावसाच्या शॉटबद्दल सांगते. पाऊस हवा असेल तर जरूर घ्या, पण ज्या मुलीला भिजायचंय तिला आधी दोघीच असताना विचार. सगळ्यांसमोर विचारलंस तर ती नाही म्हणू शकणार नाही. कपडे तिचे तिला निवडू दे. टॉवेल, कोरडे कपडे, आडोसा यांची सोय पहिल्या शॉटच्या आधी झाली पाहिजे. मॉनिटरवर बघणारी माणसं कमीत कमी ठेव. शूट झालं की फुटेज तिला दाखव, आणि तिनं नको म्हटलेला शॉट गेला म्हणजे गेला. सुंदर दिसणं आणि बघण्याची वस्तू होणं यातला फरक कॅमेऱ्याला कळत नसतो. तो तुला कळायला हवा.

दलेर मेहंदीचं 'तुनक तुनक तुन' तुला तोंडपाठ आहे. त्याचे व्हिडिओ चालतात ते नाचणाऱ्या मुलींमुळं, असं लोक म्हणू लागले. तेव्हा १९९८ साली त्यानं या व्हिडिओत एकही मुलगी घेतली नाही. हिरव्या पडद्यासमोर एकटाच नाचला, आणि पडद्यावर चार दलेर मेहंदी दिसले. ते गाणं जगभर गेलं. दुसऱ्याच्या शरीरावर टेकू न घेताही व्हिडिओ गाजतो, हे कुणी वाद घातलाच तर सांग.

आता हाताला काम.

शूटिंगच्या आधी स्टोरीबोर्ड काढा, चित्रकला कशीही असो. मग त्या चित्रांचे मोबाइलवर फोटो काढा, एडिटिंगच्या ॲपमध्ये गाण्याखाली जिथल्या तिथं लावा आणि सलग बघा. ॲनिमॅटिक म्हणतात याला. काड्यांची माणसं बघूनसुद्धा कुठं कंटाळा येतो ते लगेच समजतं. पाच जणांचं भांडणही इथंच मिटतं, कारण प्रत्येकाची कल्पना गाण्यावर ठेवून बघता येते. जी बसली ती राहिली.

ओठांची जुळणी ही मुलांच्या व्हिडिओतली सगळ्यात नाजूक जागा. तू शिकतेस त्याच कोल्हापुरात प्रभातनं १९३२ साली 'अयोध्येचा राजा' काढला. तेव्हा पार्श्वगायन नव्हतं. दुर्गाबाई खोटे आणि गोविंदराव टेंबे कॅमेऱ्यासमोर खरोखर गायले. १९३५ च्या सुमाराला आपल्याकडं पार्श्वगायन आलं आणि आधी मुद्रित केलेल्या गाण्यावर ओठ हलवायची रीत पडली. तेव्हापासून आपल्या प्रेक्षकाचा डोळा या बाबतीत तयार झालाय. गल्लीतली आजीसुद्धा म्हणते, "हिचं तोंड मागं राहतंय."

तर गाणारीनं नुसते ओठ हलवायचे नाहीत, मोठ्यानं गायचं. खरं गाताना गळ्याची शीर ताणते, श्वास दिसतो, आणि तो दिसला की समोरच्याला पटतं. स्पीकर तिच्याजवळ ठेव. आम्ही गाणं रस्त्यावर उभ्या केलेल्या गाडीतून वाजवलं होतं, कॅमेराही गाडीपाशी, आणि मैत्रीण लांब पाण्याजवळ. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. चौतीस मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला तो सेकंदाच्या दहाव्या भागानं उशिरा पोचतो. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर अडीच फ्रेमची चूक झाली. ओठ मागं का, हे आम्हाला कितीतरी दिवस कळलं नव्हतं. कॅमेऱ्याचा माइक बंद करू नकोस. त्यावर आलेला खरखरीत आवाज पुढं मूळ गाण्याशी जुळवायला लागतो. आणि प्रत्येक टेकच्या सुरुवातीला एक टाळी वाजव.

एका जागी उभं राहिलात की गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत किमान तीनदा घ्या. एकदा लांबून, एकदा कमरेपर्यंत, एकदा फक्त चेहरा. मग हात, पायातली चप्पल, तारेवरची बोटं, खिडकी, रिकामी खुर्ची असे बारके शॉट. एडिटला अडचण आली की हेच धावून येतात. मी आता पोटापाण्यासाठी एडिटिंग करते. सूर्यास्ताचे चाळीस शॉट आणि चेहऱ्याचा एकही नाही, असं फुटेज घेऊन आलेली मुलं समोर बसली की मला गलबलून येतं. त्या सूर्यास्तांतून गाणं उभं करता येत नाही.

स्लो मोशनमध्ये ती गातानाही दिसायला हवी असेल तर गाणं शूटिंगच्या वेळी दुप्पट वेगानं वाजवावं लागतं. कोल्डप्लेचं २००० सालचं 'यलो' बघ. इंग्लंडच्या डॉर्सेटमधला समुद्रकिनारा, भुरभुर पाऊस, गायक एकटा चालत येतो, आणि सगळं एका शॉटमध्ये. सेकंदाला ५० फ्रेमनं चित्रण केलं आणि तो दुप्पट वेगानं वाजणाऱ्या गाण्यावर गायला. म्हणून ओठ जुळतात आणि लाटा मात्र सावकाश येतात. तुमच्या मैत्रिणीला आठवडाभर घरी दुप्पट वेगाचा सराव करायला लाव. आयत्या वेळी हे जमत नाही.

मोबाइलवर शूट करणार असाल तर स्लो मोशन सोडून बाकी सगळ्याला सेकंदाला २५ फ्रेम ठरवून टाका आणि सगळ्यांच्या मोबाइलवर तेच ठेवा. ट्यूबलाइटखाली शटर १/५० ठेव. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्याच्याशी मेळ बसला नाही तर उजेड लुकलुकतो. कानातले, टिकली, ओढणी कुठल्या खांद्यावर आहे, याचे फोटो प्रत्येक जागी काढून ठेव. दुसऱ्या दिवशी ते कुणाच्याच लक्षात राहत नाही.

एडिटला बसलीस की आधी डोळे मिटून गाणं ऐक आणि ताल मोज. मिनिटाला १२० ठोके असतील तर एक ठोका अर्ध्या सेकंदाचा आणि चार ठोक्यांचं आवर्तन दोन सेकंदांचं. प्रत्येक ठोक्याला कट केलास तर मिनिटभरात डोळे थकतात आणि ताल उलट सपाट वाटू लागतो. आवर्तनावर कट कर, मधेच एखादा शॉट दोन आवर्तनं टिकू दे. जिथं गायिका श्वास घेते तिथं कापू नकोस. ती जागा तिची आहे.

गाणं कुणाचं घ्यायचं तेही ठरवा. गाजलेलं सिनेमाचं गाणं घेतलंत तर शब्द-सुरांचे हक्क एकाचे आणि रेकॉर्डिंगचे बहुधा दुसऱ्याचे असतात. वर्गात दाखवणं वेगळं आणि यूट्यूबवर टाकणं वेगळं. तिथं हक्कदार दावा करू शकतात आणि महिन्याची मेहनत उतरवावी लागू शकते. तुमच्या कॉलेजात स्वतः गाणी रचणारं कुणीतरी नक्की असेल. त्याचं गाणं घ्या, कागदावर परवानगी लिहून घ्या, नाव ठळक द्या. त्याच्या गाण्याला चेहरा मिळेल आणि तुम्हाला कुणाची नक्कल नसलेली गोष्ट. आज मराठीत संजू राठोडसारखा मुलगा 'गुलाबी साडी' करतो आणि सिनेमाच्या आधाराशिवाय ते देशभर वाजतं. दार उघडं आहे गं.

गडावर, स्टेशनवर शूटिंगला परवानगी लागते, ती आधी काढा. रुळांवर कुणालाही उभं करू नका, कितीही देखणी फ्रेम मिळत असली तरी. ड्रोनची परवानगी आणि तो चालवणारा जाणता माणूस नसेल तर ड्रोन विसरा. गच्ची, जिना, आजीचं परसू, एसटी स्टँडचं बाकडं, यांतलं काय गाण्याला लागू पडतं ते शोधा. कोल्हापुरात राहून फक्त रंकाळ्याचा सूर्यास्तच दाखवायचा असा काही नियम नाही.

आणि ग्रुपबद्दल शेवटचं. लाइट धरणाऱ्याचं, डबा आणणारीचं, भर उन्हात स्पीकर वाहणाऱ्याचं नाव श्रेयनामावलीत आलंच पाहिजे. निर्णय मात्र एकीनं घ्यायचा, आणि तुझ्यावर ती जबाबदारी टाकलीय तर ती घे. ओरडू नकोस, पण मागंही सरू नकोस.

मार्कांची काळजी मला नाही. मला एवढंच हवंय की वीस वर्षांनी हा व्हिडिओ लावशील तेव्हा त्यातल्या एकाही मैत्रिणीनं मान खाली घालू नये. तर उद्या सकाळी सगळ्यांना गोळा कर, मोबाइल बाजूला ठेवायला लाव, आणि गाणं तीनदा शांतपणे ऐका. त्यानंतरच यादी उघड.

तुझी,
ताई